इंगेला कधी सांगत नसे

माझ्या स्वयंपाकघरातून इंगेलाने काय काय पळवलं ते आठवायला बसले तर सकाळ सरेल. लाल कोबी, शिरका, खायचा सोडा, अंड्यांची टरफलं, माझी एकुलती एक बारीक चाळणी. आणि वाटाण्याच्या सुपाचं मोठं पातेलं, ते तर कायमच. मागायची रीतही अशी, की दार ढकलून आत यायची, हवं ते उचलायची आणि जाता जाता म्हणायची, "बेरित, हे मी विज्ञानाला नेतेय हं." जसं काही विज्ञान म्हणजे तिचे सासरे, आणि ते बाहेर ताटावर येऊन बसलेत.

मी या शाळेची स्वयंपाकीण. स्वीडनमधल्या हेल्सिंगलांडातली तळ्याकाठची शाळा, एवढीशी, की मुख्याध्यापकसुद्धा आमच्या वाट्याला अख्खा आला नाही. स्टाफान आठवड्यातून एकदा येतो, बाकीचे दिवस तो इतर शाळांचा. वर्ग आणि माझी मोरी यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीत जेवण वाढायची खिडकी. त्यामुळे इंगेलाचं शिकवणं जेवढं माझ्या कानावर पडलं तेवढं कुणाच्याच पडलं नसेल. तूवा नावाची पोर गेली त्याच्या आधीची इंगेला आणि नंतरची इंगेला, अशा दोन बायका मी त्या खिडकीतून पाहिल्या. पहिलीबद्दल आधी सांगते, कारण तिची हल्ली कुणी आठवण काढत नाही.

ती इंगेला कधी सांगत नसे. म्हणजे मुलांनी काहीही विचारलं तरी उत्तर द्यायची नाही. "इंगेला, उकळलेलं पाणी कुठे जातं?" "तुला काय वाटतं?" "इंगेला, गांडुळाला डोळे असतात का?" "तुला काय वाटतं? आणि ते कसं शोधशील?" हे इतकं झालं होतं की गावातल्या दुकानात तिने कॉफीचा भाव विचारला तर दुकानदार गल्ल्यावरून मान वर न करता म्हणायचा, "तुला काय वाटतं?" ती सगळ्यांत आधी हसायची. घोड्यासारखं हसायची, खरं सांगायचं तर.

मला मात्र राग यायचा. लेकरू हात वर करून ताटकळतंय, ही बया सगळं माहीत असून ओठ शिवून बसलीये. मी खिडकीतून ओरडायची, "अगं, सांगून टाक ना एकदाचं! तुझ्या पदरचं काय जातंय?"

"सांगितलं की ते माझं होतं, बेरित. शोधलं की त्यांचं होतं."

"माझं सूप माझंच असतं, पण पोटात त्यांच्याच जातं!"

"म्हणूनच ते अर्धं कुत्र्याला घालतात," ती म्हणायची, आणि वर्ग खो-खो हसायचा. जिभेला हाड नव्हतं तिच्या.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर तिने एक जागा राखली होती. वर मोठ्या अक्षरात 'आम्हाला वाटतं' असं लिहिलेलं. मुलांनी काही करून पाहिलं, भांडून-तंडून काही ठरवलं, की एकाने ते कागदावर लिहून तिथे टाचायचं. नियम एकच. कागद मुलांनी लावायचा आणि मुलांनीच काढायचा. साफ चूक असला तरी मोठ्या माणसाने हात लावायचा नाही, इंगेलाने स्वतःसुद्धा नाही. ती फक्त पुढचा असा काहीतरी धडा योजायची, की त्या कागदाला सुरुंग लागलाच पाहिजे. एकदा तिथे 'जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात' असं कितीतरी दिवस लटकत होतं. शाळा तपासायला आलेल्या बाईंनी ते वाचलं आणि त्यांच्या भुवया कपाळात गेल्या. इंगेला ढिम्म. मग एका गुरुवारी ती माझ्याकडे आली, पातेलं उचललं, कोबीचा सगळ्यांत मोठा गड्डा काखेत मारला आणि मुठीत सुके वाटाणे घेतले. मी कांदे चिरायचं सोडून खिडकीशी उभी राहिले. गड्डा पाण्यावर डुलत राहिला आणि वाटाणे सुळकन तळाशी गेले. वर्गात आधी चिडीचूप, मग असा गलका झाला की माझी झाकणं वाजली. कागद काढायला चार पोरं एकदम धावली आणि तो फाटलाच. इंगेला कोपऱ्यात उभी होती. तोंडावर असा आनंद, की मलाच भरून आलं. राग कितीही असो, हे शिकवणं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

तूवा आली ती एका उन्हाळ्यात. आईबाप स्टॉकहोमचे. तळ्याकाठचं घर स्वस्तात मिळालं, शहराचा कंटाळा आला होता, म्हणून आले. आई पेर्निला, शांत बाई, बापाला लाकूडकाम जमत नसून हौस फार. मुलगी मात्र वेगळ्याच मातीची. पुढचे दोन दात पडलेले, बीटरूट पाहिलं की नाक मुरडायची, आणि प्रश्न विचारून डोकं खायची. "बेरित, पॅनकेकला भोकं का पडतात?"

"मी पाडते म्हणून."

"कशाने?"

मी हात टेकले. ती पुढचा अख्खा गुरुवार, म्हणजे पॅनकेकचा दिवस, चुलीपाशी स्टूल टाकून बसली आणि बुडबुडे बघत राहिली.

इंगेलाने तिला पहिल्यांदा "तुला काय वाटतं?" विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला तीन गोष्टी वाटतात. कुठली आधी सांगू?" इंगेला त्या दिवशी माझ्याकडे कॉफीला बसली आणि कप हातात तसाच धरून म्हणाली, "इतकी वर्षं मी हिची वाट बघत होते गं." असं बोलणारी बाई नव्हती ती. मी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली आणि दालचिनीचा पाव पुढे सरकवला.

नोव्हेंबर सरता सरता तळं गोठलं. दर वर्षी इंगेला मुलांना बर्फ मोजायला न्यायची. म्हातारा होल्गर, ज्याचा जन्म मासे पकडण्यात गेला, तो आपलं मोठं गिरमिट घेऊन यायचा. त्या गुरुवारी शाळेच्या धक्क्यापाशी मुलांनी आळीपाळीने गिरमिट फिरवलं, तीन भोकं पाडली, पट्टी आत घालून मापलं. तिन्हीकडे बर्फ तळहाताएवढा जाड. जायच्या आधी इंगेलाने एक गोष्ट मात्र न विचारता सांगितली होती, कारण बर्फाच्या बाबतीत तीसुद्धा गंमत करत नसे. "बर्फावर एकट्याने जायचं नाही. कधीच नाही. काय?" सगळ्यांनी माना हलवल्या. तूवानेही.

परत आल्यावर भांडण, चर्चा, आणि मग कागद. लिहिला तूवाने. 'बर्फ सगळीकडे सारखाच जाड असतो. आम्ही तीन भोकं पाडली.' कोपऱ्यात तिने होल्गरचं गिरमिट काढलं, होल्गरच्या नाकासकट.

आता आमच्या गावात शेंबड्या पोराला विचारलं तरी ते सांगेल, की पलीकडे ओढा तळ्यात उतरतो तिथे बर्फावर भरवसा नाही. खालून पाणी वाहतं, वरून बर्फ दिसतो तसाच पांढरा. हे आम्ही शिकत नाही, आम्हाला ते येतंच. इंगेलालाही येत होतं, अर्थातच. तिचा पुढचा डाव त्यावरच होता.

जेवताना ती खिडकीशी आली. डोळे लकाकत होते. "मंगळवारी होल्गर दोर घेऊन येतोय. सगळ्यांना बांधून ओढ्याच्या दिशेने न्यायचं, थोडं थोडं पुढे जात भोकं पाडायची. काठावरून पुढे मी जाणारच नाहीये, पण तेवढ्यातच माप उतरायला लागेल. त्यांची तोंडं बघ तू तेव्हा. तूवाचं तोंड बघ!"

"आणि कागद?"

"स्वतः येऊन फाडेल ती."

मी हसले. पोरांच्या ताटात मटार वाढत होते, आणि ते हसण्यासारखंच होतं. इतकी वर्षं असंच होत आलं होतं. चुकीचा कागद भिंतीवर राहायचा, मग एक दिवस त्याचं पितळ उघडं पडायचं, आणि तोपर्यंत कुणाचं काही बिघडत नसे.

शनिवारी तूवा बर्फावर गेली. तळ्यापलीकडे तिची मैत्रीण राहायची, रस्त्याने जायचं तर केवढा वळसा. ती एकटी गेली नाही. कुत्र्याला घेऊन गेली. इंगेलाने 'एकट्याने नाही' म्हटलं होतं, आणि तिने ते पाळलं. जायच्या आधी तिने बापाच्या लाकूडकामातलं गिरमिट घेऊन घराच्या धक्क्यापाशी एक भोक पाडलं. सोपं नसतं ते, लहान हातांना वेळ लागला असणार. भोकात काडी उभी केली होती, आणि काडीवर पेन्सिलीची खूण होती. माप चांगलं आलं होतं. मग ती निघाली, आणि सरळ वाट ओढ्याच्या तोंडावरून जाते.

कुत्रा भिजून घरी परत आला.

बाकीचं मी सांगत नाही. शोधणाऱ्यांत होल्गर होता, त्याला विचारू नका.

रविवारी दुपारी मी शाळेत गेले. किल्ली माझ्याकडे असते. मला तो कागद काढायचा होता. पेर्निला कधी ना कधी तूवाची शाळेतली चप्पल न्यायला येणार, खुंटीवरची लोकरी टोपी न्यायला येणार, आणि ती वर्गात आली की समोर भिंत. आईच्या डोळ्यांना ते पडू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर्गात दिवा नव्हता. खिडकीतला ख्रिसमसचा कागदी तारा तेवढा आतून उजळलेला, आणि इंगेला मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेली. कोट अंगातच होता.

मी काही न बोलता भिंतीपाशी गेले आणि टाचण्या काढल्या.

"ठेव तिथं," ती म्हणाली.

"वेडी आहेस का तू?"

"तो मुलांचा कागद आहे. ठेव."

"इंगेला, तिची आई येईल! तिच्या पोरीच्या अक्षरात लिहिलंय हे. ती विचारेल, हे कुणी शिकवलं. काय सांगणारेस तिला?"

"ती विचारेल ते."

"स्टाफानने काय सांगितलंय? चौकशी होईपर्यंत कुणी त्या धड्याचं नाव काढायचं नाही. तुझी नोकरी जाईल. आणि तिला तरी काय मिळणार आहे ऐकून? पोर गेली ती गेली. निदान असं समजू दे तिला, की पोरं बर्फावर जातात, होतं असं."

इंगेला उठली. माझ्या हातातून कागद घेतला, पुन्हा होता तिथेच टाचला. टाचण्या लावताना दोन खाली पडल्या आणि त्या आम्ही दोघींनी अंधारात चाचपून शोधल्या. मी तिच्यावर इतकी चिडले होते की तशीच निघून घरी आले. त्या बाईचा हट्टीपणा मला आयुष्यभर पुरला आहे.

पेर्निला बुधवारी आली. मुलं बाहेर खेळत होती. म्हणजे खेळत नव्हती, कुंपणाशी गोळा होऊन उभी होती. मी खिडकीआड भांडी घासत होते, आणि ती आली तसा नळ बंद केला. तिने चप्पल उचलली. टोपी काढून नाकाशी धरली. मग वळली आणि भिंतीसमोर थांबली.

बराच वेळ ती वाचत राहिली. दोन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"हे तूवाने लिहिलंय," ती मागे उभ्या इंगेलाला म्हणाली.

"हो."

"तू शिकवलंस?"

"नाही. त्यांनी मापलं, त्यांनी ठरवलं."

"हे खरं आहे का?"

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला वाटलं, आता ही म्हणेल, तुला काय वाटतं. इतकी वर्षं मी तिच्या तोंडून दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

"नाही," इंगेला म्हणाली. "खोटं आहे. ओढ्यापाशी बर्फ पातळ असतो."

"तुला हे तेव्हा माहीत होतं? ती लिहीत होती तेव्हा?"

"हो."

"आणि तू तिथे उभी होतीस."

"तिच्या शेजारी. मंगळवारी मी त्यांना तिकडे नेणार होते. दोर बांधून. त्यांना आपलं आपण कळावं म्हणून." इंगेलाचा आवाज अगदी सपाट होता. "ती स्वतः कागद काढेल असं वाटलं होतं मला."

पेर्निला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आम्ही नवीन होतो गं इथे. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. एक वाक्य. एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुला?"

इंगेलाकडे विचारायला प्रश्नही उरला नव्हता.

मग पेर्निलाने कागदाकडे हात केला. "हा मला दे."

"त्यात लिहिलंय ते चूक आहे," इंगेला म्हणाली. कशाला म्हणाली कोण जाणे.

"माहितीये मला चूक आहे ते. तिने लिहिलेलं शेवटचं आहे."

इंगेलाने टाचण्या काढल्या. सगळ्या, एकेक करून. रविवारचा माझा आगाऊपणा सोडला तर मोठ्या माणसाने त्या भिंतीवरचा कागद काढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. पेर्निलाने घडी घातली नाही, टोपीवर आडवा ठेवून तसाच नेला. ख्रिसमसच्या आत ते घर विकायला निघालं.

चौकशी झाली. शहरातून माणसं आली, कॉफी प्यायली, निघून गेली. कुणाचाही दोष आढळला नाही. इंगेलाने सगळं होतं तसं सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, पद्धत मान्यताप्राप्त आहे. मला वाटतं तिला दोष हवा होता. दोष ठरला असता तर तिने शाळा सोडली असती, कुठेतरी जाऊन रडली असती. दोष नाही म्हटल्यावर तिला रोज सकाळी वर्गात यावं लागलं.

आणि ती सांगायला लागली.

विचारायच्या आत सांगायला लागली. पाण्याची वाफ होते, वाफ वर जाते, थंड झाली की थेंब होतात, लिहून घ्या. गांडुळाला डोळे नसतात, लिहून घ्या. मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, लोखंड गंजतं, विजेच्या तारेला हात लावायचा नाही. सगळं बरोबर. एक अक्षर चूक नाही. भिंतीवरच्या 'आम्हाला वाटतं' वर तिने मानवी सांगाड्याचा तक्ता लावला. भिंगं, चुंबकं, डब्या, सगळं कपाटात गेलं, आणि माझी चाळणी परत आली. माझं पातेलंही मग कुणी नेलं नाही.

मुलं सुरुवातीला गोंधळली. मग सरावली. वर्ग इतका शांत झाला की मला भांड्यांचा आवाज करायची लाज वाटायला लागली. परीक्षेत आमच्या शाळेचे निकाल कधी नव्हे एवढे वर गेले, आणि स्टाफान गुरुवारी वाटाण्याचं सूप ओरपता ओरपता मला म्हणाला, "बघ बेरित, इंगेला शेवटी रुळावर आली."

"तू सूप खा," मी म्हटलं. एवढंच जमलं मला.

मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. अनेकदा केला. म्हटलं, अगं, धोक्याचं ते सांग, बाकीचं तरी शोधू दे त्यांना. कोबीने कुणाचा जीव जात नाही. ती म्हणाली, "धोक्याचं कुठलं ते आधी कळत नाही, बेरित." माझ्यासारख्या तोंडाळ बाईला गप्प करणारं ते एक वाक्य ठरलं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. घोड्यासारखं हसणंही मी नंतर ऐकलं नाही.

ती निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. पहिलीतली एक चिमुरडी, एल्वी तिचं नाव, खिडकीशी आली. मी बटाटे सोलत होते, शेजारी पाण्याने भरलेलं मोठं पातेलं. तिने एक बटाटा उचलला, हातात तोलला, पाण्याकडे पाहिलं. मी ते डोळे ओळखले. असे डोळे मी पूर्वी एकदा पाहिले होते, स्टुलावर बसून पॅनकेककडे बघणारे.

"बेरित," ती म्हणाली, "हा बुडेल का?"

माझ्या ओठांवर आलं होतं. शपथेवर सांगते, अगदी ओठांवर आलं होतं. ज्या तीन शब्दांवरून मी त्या बाईला उभा जन्म टोमणे मारले, तेच.

"बुडतो," मागून इंगेलाचा आवाज आला. ती दारात उभी होती, हातात पुस्तक. "पाण्यापेक्षा तो जड असतो."

एल्वीने पाण्यावर धरलेला हात मागे घेतला. "बरं," ती म्हणाली. बटाटा होता तिथे नीट परत ठेवला, हात स्कर्टला पुसले आणि जागेवर जाऊन बसली.

मी तो बटाटा घेतला आणि सोलायला लागले.